सेल्फ घेत नाही? इंजिनाचं झाकण काढायच्या आधी हँडल बघा

आमच्याकडे मशीन (बोटीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन) घेऊन येणाऱ्या सगळ्या बोटवाल्यांसाठी हे लिहितोय, तारकर्ली-देवबागचे, मालवण जेटीवरचे, खाडीत छोटी फायबर बोट चालवणारे, सगळ्यांसाठीच. वाचून झालं की कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बोटीवरच ठेवा कारण घरी ठेवून उपयोग नाही, मशीन बंद पडते ती पाण्यात.

पावसाळाभर झापाखाली असलेली बोट सप्टेंबरात पाण्यात उतरली की आमचे फोन सुरू होतात, "मशीन चालू होत नाही, बॅटरी गेली वाटतं". आणि जाऊन बघतो तर बॅटरी ठणठणीत, इंजिन पण ठीक, बिघाड असतो कंट्रोलमध्ये, म्हणजे हँडल (गिअर आणि रेसचं), चावी, लाल दोरीची क्लिप (दोरी चालवणाऱ्याला बांधलेली असते, क्लिप निघाली की मशीन बंद) किंवा केबल. मागच्या सीझनला एका गिऱ्हाईकाने नवीन बॅटरी आणून बसवली तरी मशीन गप्प, शेवटी आम्हाला बोलावलं, तर हँडल न्यूट्रलच्या खाचेत पूर्ण बसलंच नव्हतं, जरासं पुढे होतं. त्याचे पैसे फुकट गेले याचं आम्हाला खरंच वाईट वाटलं, म्हणून हा कागद.

पहिला प्रश्न एकच, सेल्फ (चावीवर इंजिन फिरवणारी मोटर) फिरतो का? सेल्फ फिरतच नाही, आणि सेल्फ फिरतो पण मशीन पकडत नाही (चालू होत नाही), हे दोन अगदी वेगळे बिघाड आहेत.

सेल्फ फिरतच नाही, टक् असा आवाज पण नाही, तर आधी हँडल पुढे-मागे करून परत न्यूट्रलला आणा, खाचेत बसल्याचं हाताला कळलं पाहिजे. चावीकडून सेल्फच्या रिलेला (सेल्फचा करंट चालू-बंद करणारा स्विच) जाणारा करंट न्यूट्रल स्विचमधून जातो, गिअर पडलेला असताना मशीन चालू होऊ नये म्हणून तो स्विच असतो. काही मॉडेलला तो हँडलच्या डब्यात असतो, काहींना इंजिनावर गिअरच्या लिंकेजपाशी. खूप जण थंड मशीन चालू करताना स्कूटरसारखी रेस द्यायची म्हणून हँडल सरळ पुढे ढकलतात, मग गिअर पडतो आणि स्विच करंट तोडतो. नुसती रेस द्यायची तर हँडलच्या मुळाशी बटण असतं (काही डब्यांना बाजूला वेगळी छोटी पट्टी असते), हँडल न्यूट्रलला असताना ते दाबून मग थोडं पुढे करायचं, म्हणजे गिअर न पडता रेस मिळते.

हँडल बरोबर न्यूट्रलला आहे आणि तरी गप्प, तर केबल बघायची. खारं पाणी आणि वर्षानुवर्षांच्या वापराने केबल जड होते, सेटिंग सरकतं, मग हँडल सांगतं न्यूट्रल पण इंजिनाकडे गिअर अर्धा अडकलेला असतो. चावी काढा, लाल दोरीची क्लिपही काढा, मशीन वर उचला आणि पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवा, दोन्ही बाजूला मोकळा फिरला पाहिजे. नाही फिरला तर केबल सेट करून घ्यावी लागेल. जड झालेल्या केबलमध्ये तेल सोडत बसू नका, दोन दिवस बरं वाटतं, केबल बदलणंच बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. न्यूट्रल स्विच खराब झाला की कोणीतरी सांगतं, डायरेक्ट कर, दोन वायरी जोड, काम झालं. कृपा करून करू नका!! गिअरमध्ये मशीन चालू झाली की बोट एकदम झेप घेते, उभा असलेला माणूस पाण्यात जातो, आणि आपल्याकडे तर बोटीच्या मागेच पर्यटक पोहत असतात, पंखा त्यांच्याजवळ फिरणार. डायरेक्ट केलेली मशीन आमच्याकडे आली तर स्विच बसवल्याशिवाय आम्ही परत देत नाही, राग आला तरी चालेल.

स्विच ठीक असेल तर फ्यूज बघा, बॅटरीचे नट हाताने हलतात का बघा, आणि हँडलकडून इंजिनाकडे जाणारा मोठा वायरिंगचा प्लग उघडा, आत हिरवट चुरा दिसला तर तिथेच करंट अडतोय. मल्टिमीटर असेल तर पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, सेल्फ मारताना ९.५ च्या खाली गेली तर मात्र बॅटरीवर किंवा टर्मिनलवर संशय घ्या.

सेल्फ फिरतो पण मशीन पकडत नाही, तर पहिली नजर लाल दोरीच्या क्लिपवर. क्लिप निघालेली किंवा अर्धवट बसलेली असली की बहुतेक मशीनमध्ये स्टॉपची वायर अर्थ होते, स्पार्क येतच नाही, तुम्ही सेल्फ मारत बसा. एक जादा क्लिप बोटीवर ठेवाच, तांडेलच (बोट चालवणाराच) पाण्यात पडला तर क्लिप त्याच्याबरोबर जाते आणि बाकीच्यांना मशीन चालू करून त्याला घ्यायला जाता येत नाही. प्रत्येक कंपनीची क्लिप वेगळी, आपल्या मॉडेलची घ्या. क्लिप ठीक असेल तर चोक, टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू आणि पेट्रोलचा फुगा (पेट्रोलच्या पाइपवरचा, दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी) कडक होतोय का, एवढं बघा. सेल्फ एका वेळी ५ सेकंदांच्या वर मारू नका, १० सेकंद थांबून परत मारा.

दोरी ओढून चालू करायच्या मशीनला पण गिअरचं लॉक असतं, गिअरमध्ये दोरी हलतच नाही. न्यूट्रलला पण अडकत असेल तर लॉकची बारीक केबल सरकली आहे, जोर लावून हिसका देऊ नका. आणि सेल्फ गेला म्हणून फ्लायव्हीलला (इंजिनाच्या वरच्या चाकाला) दोरी गुंडाळून चालू करणार असाल तर लक्षात ठेवा, तेव्हा गिअरचं लॉक काम करत नाही, न्यूट्रल आहे हे स्वतः दोनदा बघायचं.

देवबागच्या संगमावर किंवा लाटा फुटतात अशा जागी मशीन बंद पडली तर हे सगळं तपासत बसायच्या आधी नांगर टाका, मग हँडल, मग क्लिप. तरी नाही झालं तर फोन करा, आणि तेव्हा एवढं सांगा: सेल्फ फिरतो का, हँडल हलवल्यावर काही फरक पडतो का, पंखा मोकळा आहे का, मशीन किती हॉर्सपॉवरची. म्हणजे येताना आम्ही बरोबर पार्ट घेऊन येऊ.