वर्दी खुंटीवर, नियम अंगावर

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की सातारा-सांगलीकडच्या गावांत चौकाचौकात फ्लेक्स लागतात. वर पॅनेलप्रमुखाचा भलामोठा फोटो, खाली हात जोडलेले उमेदवार आणि अगदी तळाला ‘शुभेच्छुक’ म्हणून गोल चौकटीतल्या चेहऱ्यांची रांग. त्या रांगेत एखादा चेहरा वर्दीतला असतो. कुणाचा तरी भाऊ, रजेवर आलेला किंवा त्या वेळी सीमेवरच असलेला. फोटो बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेला. फौजी घरातला आहे, फ्लेक्सवर नको का, असा साधा हिशेब. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आर्मी रूल्स, १९५४ मधल्या नियम २० ला मात्र वाटतं. सैनिकाने राजकीय सभेला जायचं नाही, तिथे बोलायचं नाही, मोर्चात चालायचं नाही. पक्षाचा सभासद व्हायचं नाही, वर्गणी द्यायची नाही. स्वतःला उमेदवार म्हणून जाहीर करायचं नाही आणि दुसऱ्याने केलं तर चालवून घ्यायचं नाही. कुणाच्या प्रचार समितीत बसायचं नाही, कुणाच्या उमेदवारीला हातभार लावायचा नाही. निवडणुकांच्या यादीत संसद आणि विधिमंडळाच्या बरोबरीने स्थानिक संस्थाही आहेत, म्हणजे ग्रामपंचायत सुटत नाही.

हा नियम कपड्याशी बांधलेला नाही, ‘या कायद्याखाली येणाऱ्या व्यक्ती’शी बांधलेला आहे. वर्दी खुंटीला टांगून पायजम्यावर पारावर बसलं तरी माणूस कायद्याखालीच असतो. अमेरिकेत रेघ वेगळ्या जागी आहे. तिथल्या संरक्षण खात्याच्या २००८ च्या निर्देशानुसार सेवेतला सैनिक साध्या कपड्यांत पक्षाच्या सभेला प्रेक्षक म्हणून बसू शकतो, देणगी देऊ शकतो, स्वतःच्या गाडीवर स्टिकर लावू शकतो. वर्दी घालून यातलं राजकारण करायचं नाही, एवढा त्यांचा भर. आपल्याकडे सभेला नुसती हजेरीसुद्धा वर्ज्य.

इतका कडक नियम आला कुठून? शब्द बरेचसे ब्रिटिश सैन्याच्या जुन्या किंग्ज रेग्युलेशन्सच्या वळणाचे आहेत. पण इथे त्यांना वेगळी धार होती, कारण इंग्रजांना १८५७ नंतर हिंदी शिपायाच्या डोक्यात काय चाललंय याची कायमची धास्ती बसली होती. २३ एप्रिल १९३० ला पेशावरमध्ये ती खरी ठरली. सरहद्द गांधींच्या खुदाई खिदमतगारांच्या निःशस्त्र जमावावर गोळी चालवायला गढवाल रायफल्सच्या जवानांनी नकार दिला. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांचे साथीदार कोर्ट मार्शल होऊन तुरुंगात गेले.

खरा हादरा बसला तो मुंबईत. कुलाब्याला ‘तलवार’ नावाचा नौदलाचा तळ होता. नावापुढे जहाजासारखी बिरुदं, पण होता जमिनीवर. तिथे बिनतारी संदेशाचं शिक्षण मिळे. १९४५ च्या डिसेंबरात तिथल्या भिंतींवर ‘चले जाव’ आणि ‘जय हिंद’ उमटलं. पुढे बी. सी. दत्त नावाचा खलाशी या प्रकरणात पकडला गेला. जेवण निकृष्ट, पगार गोऱ्यांपेक्षा कमी, वर तळप्रमुख कमांडर किंगच्या शिव्या. १८ फेब्रुवारी १९४६ च्या सकाळी खलाशांनी जेवायला आणि काम करायला नकार दिला. इथवर ही तक्रार डाळ-भाताची होती. पण मागण्यांच्या यादीत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आली, इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत बोलवा हेही आलं. जहाजांच्या डोलकाठ्यांवरून युनियन जॅक उतरला आणि काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि कम्युनिस्टांचा असे तीन झेंडे शेजारी-शेजारी चढले. बंड कराचीपर्यंत पसरलं. एम. एस. खान आणि मदन सिंग यांच्या संप समितीमागे बघता बघता वीसेक हजार खलाशी उभे राहिले.

२१ तारखेला कॅसल बॅरॅक्समध्ये गोळ्या सुटल्या. २२ ला गिरण्या बंद पडल्या, गिरणगाव रस्त्यावर आलं. लष्कराने केलेल्या गोळीबारात दोनशेच्या वर माणसं गेली. परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गेल्या. २३ ला खलाशांनी शरणागती पत्करली, ती सरदार पटेलांच्या सांगण्यावरून.

मला या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट हीच वाटते. उद्या ज्यांच्या हातात राज्य येणार होतं, त्यांनी सत्ता यायच्या दीड वर्ष आधीच इंग्रजांचा नियम आपला मानला होता. सैन्याच्या शिस्तीशी खेळ चालायचा नाही, स्वतंत्र हिंदुस्थानालाही सैन्य लागणारच आहे, असं पटेलांनी त्या दिवसांत एका पत्रात लिहिलं. देशासाठी केलं म्हणून बंड माफ होत नाही, हा त्याचा रोखठोक अर्थ. बडतर्फ खलाशांना स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या नौदलाने परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. आझाद हिंद सेनेच्या लोकांचंही तेच. सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले सँडहर्स्टला शिकलेले, मराठा पलटणीतले अधिकारी आणि नेताजींच्या सेनेत मेजर जनरल. स्वतंत्र भारताच्या सैन्यात त्यांना जागा नव्हती. राजकारणात होती: १९५२ मध्ये ते रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेत गेले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले.

राज्यघटनेने मग या धोरणाला आधार दिला. कलम ३३ नुसार सैन्यातल्या माणसांना मूलभूत हक्क किती द्यायचे, ते संसद कायद्याने ठरवू शकते. २२ जुलै १९५० ला अमलात आलेल्या आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २१ ने संघटना, सभा आणि वृत्तपत्रांशी बोलणं या तीन गोष्टींवर बंधन घालायचा अधिकार केंद्र सरकारला दिला. हवाई दलाला तशाच तरतुदी त्याच साली मिळाल्या, नौदलाला १९५७ मध्ये. यात एक वकिली खाच होती. घटना म्हणते, संसदेने ठरवावं; संसद म्हणते, सरकारने नियम करावेत. हे चालतं का? सीमा रस्ते बांधणाऱ्या ‘ग्रेफ’च्या लोकांनी संघटना केली, निदर्शनं केली, शिक्षा झाल्यावर ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८३ च्या आर. विश्वन खटल्यात न्यायालयाने सांगितलं: चालतं, आणि तुम्हीही सैन्याचाच भाग आहात. त्याआधी १९७५ मध्ये लष्करी आस्थापनांतले स्वयंपाकी, चौकीदार, न्हावी, सुतार, शिंपी, बूट शिवणारे यांनी युनियनचा हक्क मागितला होता. त्यांनाही नाही म्हटलं गेलं.

जवानाचं असं झालं. वरच्यांना आवरायला नियमापेक्षा संकेत जास्त कामी आले. इंग्रजी अमदानीत सरसेनापती व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसत असे. १९०५ मध्ये सरसेनापती किचनरशी भांडून व्हाइसरॉय कर्झनलाच जावं लागलं होतं. नेहरूंनी हे सगळं मोडीत काढलं. सरसेनापतीचा दिल्लीतला बंगला पंतप्रधानांचं घर झाला, तेच तीन मूर्ती भवन. १९५५ मध्ये ‘कमांडर-इन-चीफ’ हे पदच गेलं, उरले तीन दलांचे तीन प्रमुख. सरसेनापती जनरल करिअप्पा देशाच्या कारभारावर वरचेवर बोलत, तेव्हा भाषणं जरा कमी करा असं नेहरूंनी त्यांना १९५२ मध्ये कळवलं. निवृत्तीनंतर तेच करिअप्पा १९७१ मध्ये मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले.

संकेत दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो, हे १९५९ ला दिसलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी खटके उडून लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी राजीनामा दिला, नेहरूंच्या शब्दाखातर मागे घेतला. मग नेहरूंनी संसदेत मुलकी सत्तेचं श्रेष्ठत्व बजावून सांगताना त्यांनाच कानपिचक्या दिल्या. थिमय्यांनी आपल्या जागी कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचं नाव सुचवलं होतं. १९६१ मध्ये आले जनरल थापर. त्यानंतर दीड वर्षात १९६२ चं चीनशी युद्ध झालं. थोरात असते तर काय, या चर्चेत आपल्याकडे अजून संध्याकाळच्या संध्याकाळी जातात.

एक गोष्ट मात्र सैनिकाकडून कुणी काढून घेतली नाही: मत. पण ते पोचवणं हेच दिव्य. लोकप्रतिनिधित्व कायदा त्याला ‘सेवा मतदार’ म्हणतो, नाव गावच्या यादीत असतं. पूर्वी मतपत्रिका टपालाने निघायची, डोंगरावरच्या चौकीत पोचेपर्यंत इकडे गुलाल उधळून झालेला. म्हणून २००३ मध्ये गावात कुणाला तरी आपल्या वतीने मत द्यायला नेमण्याची सोय आली. २०१६ पासून मतपत्रिका इंटरनेटवरून जाते. पलटणीत ती पिन टाकून छापायची, खूण करायची, लहान पाकिटात घालायची. सोबतच्या घोषणापत्रावर अधिकाऱ्याची साक्ष, मग दोन्ही मोठ्या पाकिटात. ते पाकीट टपालाने परत. मोजणीच्या दिवशी सकाळी आठला, मोजणी सुरू व्हायच्या आत ते टेबलावर हवं. मग त्यावरचा क्यूआर कोड वाचून पाकीट फोडतात. २०१९ मध्ये असे सुमारे १८ लाख मतदार होते. शांततेच्या ठाण्यावर, म्हणजे पुण्या-देवळालीसारख्या ठिकाणी, नेमणूक असली तर तिथेच सामान्य मतदार म्हणून नाव लावता येईल, हे नीला गोखले यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०१४ मध्ये सांगावं लागलं. आणि जवानाच्या बायकोला मिळणारी सेवा मतदाराची सोय महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्याला मिळायला २०२१ उजाडलं. तोवर कायद्यात शब्दच ‘पत्नी’ होता.

निवृत्तीच्या दिवशी नियम २० संपतो. अधिकाऱ्याला खासगी कंपनीत लगेच नोकरी धरायची तर पहिलं वर्षभर सरकारची परवानगी लागते. पक्षात जायला काहीच लागत नाही. आपल्याकडे ब्रिगेडियर सुधीर सावंत १९९१ मध्ये राजापूरचे खासदार झाले. लष्करप्रमुख व्ही. के. सिंग मे २०१२ मध्ये निवृत्त झाले आणि २०१४ मध्ये गाझियाबादमधून निवडून येऊन मंत्री झाले.

राहिली उलटी बाजू. सैनिकाने राजकारणापासून दूर राहावं यासाठी घटना, कायदा, नियम आणि कोर्ट मार्शल आहे. राजकारण्याने सैनिकापासून दूर राहावं यासाठी काय आहे? निवडणूक आयोगाचं पत्र. जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका, असं आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये पक्षांना लिहिलं. पुलवामा-बालाकोटनंतर विंग कमांडर अभिनंदन यांचे फोटो फलकांवर झळकले, तेव्हा ९ मार्च २०१९ ला तेच पुन्हा लिहिलं. महिनाभराने, ९ एप्रिलला, लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या सभेत पंतप्रधान मोदींनी पहिल्यांदा मत देणाऱ्यांना विचारलं: तुमचं पहिलं मत बालाकोटच्या वीर जवानांना आणि पुलवामाच्या शहिदांना समर्पित होऊ शकतं का? तक्रार झाली. आचारसंहितेचा भंग नाही, असा निर्णय आयोगाने दिला. तिघांपैकी एक आयुक्त, अशोक लवासा, यांचं मत वेगळं होतं.

औशाच्या त्या मैदानात रजेवरचा एखादा फौजी साध्या कपड्यांत, नुसता ऐकायला म्हणून मागे जाऊन बसला असता, तर नियम २० त्याला लागला असता.