‘लग्न झालंय का?’ या प्रश्नामागे काय आहे

सतरा वर्षांची मुलगी पाळी चुकली म्हणून आईबरोबर मुंबईतल्या एखाद्या ओपीडीत येते, तेव्हा पहिला प्रश्न बऱ्याचदा ठरलेला असतो: ‘लग्न झालंय का?’ ‘नाही’ म्हटलं की डॉक्टर आईशीच बोलू लागतात. याला डॉक्टरांचा संकोच म्हणून मोकळं होता येतं. पण हा प्रश्न सरकारी कागदांनीही त्यांच्या तोंडी बसवला आहे.

मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढणारे र. धों. कर्वे डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते! १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते वाचकांच्या लैंगिक शंकांना आडपडदा न ठेवता उत्तरं देत. त्यापायी अश्लीलतेचे खटले अंगावर आले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी निकाल विरोधातच गेला.

पुढे वारं फिरलं. १९४९ मध्ये मुंबईतच फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, १९५२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. मान्यता मिळाली खरी, पण ती ‘कुटुंब’ नियोजनाला. आरोग्यसेविकेच्या वहीत नोंद व्हायची ती ‘पात्र जोडप्यां’ची, बिनलग्नाच्या पोरापोरींना त्यात रकानाच नव्हता. १९७१ च्या गर्भपात कायद्यातही गर्भनिरोधक साधन फसल्याचं कारण फक्त विवाहितेला सांगता येई. ही अट निघायला २०२१ उजाडलं. याच चौकटीत शिकलेल्या डॉक्टरांना शरीररचना पाठ होती. अविवाहित मुलीशी काय आणि कसं बोलायचं, हे शिकवणार कोण?

२००७ मध्ये महाराष्ट्रात शाळांतलं लैंगिक शिक्षण रोखलं गेलं. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. राज्यात सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री क्लिनिक’ आहेत, पण दारावरच्या पाटीमुळे आत बसलेल्याची नजर बदलतेच असं नाही.

त्यात मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखण्यासाठीच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने लैंगिक संबंधांसाठी संमतीचं वय सोळावरून अठरा केलं आणि त्याखालच्या वयातल्या संबंधांची माहिती पोलिसांना न देणं गुन्हा ठरवला. आता मोकळेपणाने विचारू पाहणारा डॉक्टरही कचरतो: उत्तर कानावर पडलं की कळवणं आलंच. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थोडी वाट काढली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव सांगण्याची गरज नाही. गर्भ राहण्याआधीच, नुसता सल्ला विचारायला आलेल्या मुलीबद्दल मात्र त्या निकालात काही नाही.