जन्मभर एका क्लबचा, की नुसता क्लबचा निष्ठावान?

बेळगावात टिळकवाडीच्या लेले मैदानाबाहेर चहा घेताना फुटबॉलचा विषय निघाला की दर रविवारी कुणीतरी म्हणतोच, "इनिएस्टा म्हणजे जन्मभर बार्साचाच की रे!" बार्सा म्हणजे स्पेनचा बार्सिलोना क्लब. मग जेरार्ड जन्मभर इंग्लंडच्या लिव्हरपूलचा. परवा मेस्सीचंही नाव आलं, तेही मेस्सी बार्सा सोडून नंतर ज्या क्लबकडून खेळला त्या मायामीचा गुलाबी शर्ट अंगात घातलेल्या पोराच्या तोंडून. ऐकून ऐकून कान किटले.

आमचा वाद असतो प्लेमेकरांवरून. प्लेमेकर म्हणजे काय ते सांगत बसत नाही. गोल मारणारा वेगळा आणि गोलाची वाट उघडून देणारा वेगळा, हे चेंडूला पाय लावलेल्या कुणालाही कळतं. घोळ होतो तो 'एकाच क्लबचा' म्हणताना.

हा हिशेब फक्त सीनियर सामन्यांचा. पोरवयातले क्लब त्यात धरत नाहीत. इटलीचा प्लेमेकर फ्रान्चेस्को तोत्ती 1989 साली तिथल्या रोमा क्लबच्या युवा संघात आला, त्याआधी तो लोदिजानी या क्लबकडे होता. त्यानं काही बिघडत नाही. 28 मार्च 1993 ला, सोळा वर्षांचा असताना, तो ब्रेशाविरुद्ध पहिल्यांदा उतरला आणि 28 मे 2017 ला जेनोआविरुद्ध थांबला. 786 सामने, 307 गोल, सगळे रोमासाठी. शेवटची वर्षं मात्र धरावीच लागतात, आणि लोक नेमकी तीच विसरतात. इनिएस्टा 2018 मध्ये जपानला गेला, जेरार्ड 710 सामने खेळून 2015 मध्ये अमेरिकेला. म्हातारपणची कमाई म्हणून ती सोडून द्यायची? मग रिटायर झाल्यावर पुण्यात दोन वर्षं काम केलेल्या माणसाला 'बेळगावाबाहेर कधी नोकरी केली नाही' म्हणाल का?

म्हणजे ते दोघे बेइमान? मुळीच नव्हे. निष्ठा बघायची ती ऐन भरात, बाहेरून बोलावणं आल्यावर. तोत्तीच्या मागे रेआल माद्रिद लागलं होतं, तो गेला नाही. जेरार्डनं 2005 मध्ये क्लब सोडायचा अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवशी मागं घेतला. मला तर ही निष्ठा जास्त पटते, मन डळमळूनही माणूस राहिला. उलट कुणी विचारलंच नाही म्हणून एकाच क्लबात मुरलेले कितीतरी असतात, त्यांची आरती कशाला?

एकाच क्लबात संपायचं तर बाकावर बसायची तयारी लागते. एप्रिल 2016 मध्ये तोरिनोविरुद्ध रोमा 1-2 ने मागे होती. 39 वर्षांचा तोत्ती 86व्या मिनिटाला आत आला, आल्या आल्या एक गोल, मग पेनल्टीवर दुसरा. 3-2. त्याआधीचा सगळा सामना तो बसूनच होता.

राहिला इंग्लंडचा मॅट ल टिसिए. 1986 ते 2002 साउथॅम्प्टन क्लब, मग थोडे दिवस ईस्टली या छोट्या क्लबकडून हौसेपुरता खेळला. त्याला एकाच क्लबचा धरायचा का, यावर आमचा चहा दोनदा गार झाला. नियम मोडतो हे कबूल, पण मी धरतो.