ब्राउझरमधील डीफॉल्ट सर्च इंजिन बदलणे

ब्राउझरच्या पत्तापट्टीत संकेतस्थळाच्या पत्त्याऐवजी एखादा शब्द किंवा प्रश्न लिहिला, तर तो ज्या शोधयंत्राकडे आपोआप पाठवला जातो, त्याला त्या ब्राउझरचे डीफॉल्ट सर्च इंजिन म्हणतात. ‘पूर्वनिर्धारित शोधयंत्र’ असा शब्द लेखनात आढळतो. बोलण्यात मात्र ‘डीफॉल्ट’च रुळला आहे. २००८ मध्ये आलेल्या क्रोमने पत्ता आणि शोध यांसाठी एकच पट्टी ठेवली आणि ही रीत पुढे सर्वत्र पसरली.

ब्राउझर प्रत्येक शोधयंत्रासाठी पत्त्याचा एक साचा जपून ठेवतो. त्यातील ठरावीक खुणेच्या जागी शोधशब्द बसवला की निकालाच्या पानाचा पत्ता तयार होतो. डीफॉल्ट बदलणे म्हणजे हा साचा बदलणे, याहून अधिक काही नाही. देवनागरी अक्षर या पत्त्यात थेट जात नाही. त्याचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन चिन्हांनी लिहिला जातो, त्यामुळे ‘आंबा’ (आ, अनुस्वार, ब आणि काना असे चार घटक) एवढा लहानसा शब्दही पत्त्यात ३६ चिन्हांची जागा घेतो.

क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्हींत ही निवड सेटिंग्जमधील सर्च विभागात असते. संगणकावर तेथे स्वतःचा साचाही जोडता येतो, म्हणजे मराठी विकिपीडियातील शोधसुद्धा पत्तापट्टीतून करता येतो. फायरफॉक्समध्ये खाजगी खिडकीसाठी वेगळे शोधयंत्र ठरवण्याची सोय आहे, तर सफारी ॲपलने दिलेल्या मोजक्या नावांतूनच निवड करू देते. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये हा पर्याय गोपनीयतेच्या विभागात बराच खाली असल्याने तो शोधावाच लागतो. ब्राउझरमधील बदल ब्राउझरपुरताच असतो. अँड्रॉइड फोनच्या मुख्य पडद्यावरील गूगलची शोधपट्टी त्याने बदलत नाही. कार्यालयाच्या संगणकावर व्यवस्थापकाने निवड कुलूपबंद केली असेल, तर वापरकर्त्याला ती बदलता येत नाही. निवड पुन्हा पुन्हा आपोआप पालटत असेल, तर एखाद्या मोफत सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या एक्स्टेन्शनचा, म्हणजे ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, संशय घ्यावा, कारण ते काढल्याशिवाय नुसते सेटिंग दुरुस्त करून भागत नाही.

काही टिचक्यांत होणारा हा बदल बहुतेक लोक करत नाहीत, आणि म्हणूनच डीफॉल्टच्या आयत्या जागेला प्रचंड किंमत आली आहे. गूगलने २०२१ या एका वर्षात अशा जागांसाठी २६.३ अब्ज डॉलर मोजल्याचे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. अर्थात जागा विकत घेतली म्हणजे वापरकर्ते मिळतातच असे नाही: फायरफॉक्सने २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत याहूला डीफॉल्ट केले, पण २०१७ मध्ये ते पुन्हा गूगलकडे वळले.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडसंबंधीच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि फोन प्रथम सुरू करतानाच शोधयंत्र निवडू द्यावे, असा आदेश दिला. त्यानुसार निवडीचा पडदा दाखवण्याचे गूगलने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. युरोपात असा पडदा त्याआधीच, २०२० पासून, नव्या अँड्रॉइड फोनांवर दिसू लागला होता. अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलला बेकायदा मक्तेदारीबद्दल दोषी ठरवले. सप्टेंबर २०२५ च्या निकालात त्यांनी इतरांना वगळणारे करार करण्यास मनाई केली, मात्र डीफॉल्ट जागेसाठी पैसे देण्यावर सरसकट बंदी घातली नाही.