'पेपर किती?' या प्रश्नामागची पंधरा वर्षे

कॅसची, म्हणजे शिक्षकांच्या बढती योजनेची, फाइल तयार करणाऱ्या प्राध्यापकाला आज सगळ्यात आधी विचारतात, पेपर किती? म्हणजे शोधनिबंध किती छापले? पूर्वी अशा बढतीला, म्हणजे स्थाननिश्चितीला, मुख्यतः सेवेची वर्षे, शिक्षकांसाठीचे उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग पाहत. सहाव्या वेतन आयोगापाठोपाठ आलेल्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१०च्या विनियमांनी एपीआय हा शैक्षणिक कामगिरी मोजणारा निर्देशांक आणला आणि शोधनिबंधाला थेट गुण चिकटले.

रेफरीड, म्हणजे तज्ज्ञ परीक्षकांकडून निबंध तपासून घेणाऱ्या, नियतकालिकातल्या निबंधाला १५ गुण, रेफरीड नसलेल्या पण आयएसएसएन असलेल्याला १०. बढतीच्या पहिल्या टप्प्यावर विद्यापीठातल्या शिक्षकाला संशोधनाचे वर्षाला १० गुण लागत, महाविद्यालयातल्याला ५. खरी गोम आयएसएसएनमध्ये होती. तो नियतकालिकाचा निव्वळ नोंदणी क्रमांक आहे. मजकूर कोणी तपासला याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तरी गुण त्यालाच मिळाले, आणि पैसे घेऊन आठवड्याभरात छापणाऱ्यांचे फावले. आठवड्याला १६ तास शिकवून, वर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या महाविद्यालयीन शिक्षकाला ना प्रयोगशाळा होती ना नियतकालिकांची वर्गणी. निबंधांची मागणी मात्र, निम्मी का होईना, त्याच्याकडेही होतीच. २००९च्या नियमाने पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी एक निबंध सक्तीचा झालाच होता. पैसे घेऊन छापणाऱ्या असल्या नियतकालिकांतले लेख जगभरात २०१०मध्ये सुमारे ५३ हजार होते, २०१४मध्ये ४ लाख २० हजार, असा अंदाज २०१५च्या एका अभ्यासाने मांडला. त्यातले साधारण एक तृतीयांश लेखक भारतातले होते.

यूजीसीने जानेवारी २०१७मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली, ३८,६५३ नावांची. त्यातली ४,३०५ मे २०१८मध्ये वगळावी लागली. विद्यापीठांच्या शिफारशीने आत आलेली १,००९ नियतकालिके पुण्यातल्या संशोधकांनी तपासली, तेव्हा सुमारे ८८ टक्के निकृष्ट निघाली: कुठे पत्ता नाही, कुठे संपादकांची नावे नाहीत, कुठे इम्पॅक्ट फॅक्टरचा (नियतकालिकाचे संदर्भ किती घेतले जातात त्याच्या मोजमापाचा) खोटा दावा. मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षाच्या मदतीने २०१९मध्ये यूजीसीची 'केअर' ही तपासलेल्या नियतकालिकांची नवी यादी आली.

दरम्यान २०१८च्या विनियमांनी सहलेखकांचा हिशेब बदलला, आणि याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. २०१०च्या नियमात एका निबंधाचे गुण लेखकांत वाटले जात: मुख्य लेखकांना मिळून ६० टक्के, बाकीच्यांना ४०. नव्या नियमात दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. मानव्यविद्येतल्या निबंधाला मूळ गुण १०. दोघांनी एकेक निबंध लिहून त्यावर एकमेकांची नावे घातली, तर प्रत्येकाच्या खात्यात १० ऐवजी १४ जमा होतात. तिघांनी हेच केले तर स्वतःच्या निबंधाचे ७ आणि इतर दोघांच्या निबंधांचे ३-३ मिळून १३. थेट भरतीने प्राध्यापक होण्यासाठी १० निबंध आणि १२० गुण लागतात हे लक्षात घेतले, की नावांची ही देवाणघेवाण का वाढते ते कळते. अशाने निबंधांचा आकडा फुगतो, संशोधन तेवढेच राहते.

पीएच.डी.साठीची निबंधाची सक्ती २०२२मध्ये उठली. केअर यादीही फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली; नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि शिक्षकांवर आहे. निबंध पाठवण्यापूर्वी संपादक मंडळातल्या दोघातिघांची नावे त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत का ते बघावे, जुन्या अंकातल्या लेखाचा एखादा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडून पाहावा. निबंध पाठवल्यावर परीक्षकाचा एकही शेरा न येता दोन दिवसांत स्वीकृतिपत्र आणि शुल्काची मागणी आली, तर पैसे भरू नयेत. निबंध लेखी मागे घ्यावा.