सावलीतलं पेव

बोरिवलीतल्या आमच्या इमारतीमागे, जिना आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये चार हात रुंद मातीची पट्टी आहे. ऊन नावापुरतं. जास्वंद लावून पाहिली. नुसत्या लांब, लुकड्या काड्या झाल्या. शेवटी नर्सरीतून पेव आणलं. हे आपल्याच जंगलातलं झाड, राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यात हमखास दिसतं. (तिथून उपटून आणू नका, तो गुन्हा आहे.)

पेव आलं-हळदीच्या नात्यातलं, पण पान चुरगळलं तर हळदीसारखा वास येत नाही. खरी ओळख पानांच्या मांडणीत. हळदीची पानं दोन बाजूंना दोन रांगांत येतात. पेवाचं प्रत्येक पान मात्र आधीच्यापेक्षा जरासं वळून, एकाच दिशेनं, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखं चढत जातं. वरून पाहा, लगतचं वरचं पान खालच्याला पूर्ण झाकत नाही. झाडाखालच्या अंधारात मिळेल तो कवडसा टिपायला हे सोयीचं.

ऑगस्टच्या सुमारास टोकाला लालसर कणीस येतं आणि त्यातून रोज एकदोन पांढरी, चुरगळलेल्या पातळ कागदासारखी फुलं. आपण जिला मोठी पाकळी समजतो ती पाकळी नव्हेच. पराग न धरणारे पुंकेसर एकमेकांना जुळून तो पडदा झालेला असतो. परागाचं काम एकट्या उरलेल्या पुंकेसराकडे.

लावणं सोपं. पालापाचोळा मिसळलेली भुसभुशीत माती, पाणी न साचणारी जागा. खोडाचे वीतभर तुकडे ओल्या वाळूत आडवे ठेवले तरी पेरांतून कोंब फुटतात. सावलीतली भिंत उत्तरेकडची असेल तर एक लक्षात ठेवा: मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. पाऊस लांबला तर याच दिवसांत कोवळी पानं करपतात.

माझी चूक हिवाळ्यात झाली. डिसेंबरात पानं पिवळी पडली, खोडं वाळली. मी घाबरून रोज बादलीभर पाणी ओतलं. फेब्रुवारीत उकरलं तर कंद सडून लगदा झालेला! डिसेंबरात झाड मेलं नव्हतं, नुसतं झोपलं होतं. जमिनीखालच्या धान्याच्या कोठारालाही आपण पेवच म्हणतो. या झाडाचं कोठारही तसंच मातीत, आणि ते कोरडंच राहायला हवं. पहिल्या पावसानंतर कोंब आपसूक वर येतात.

आता दर उन्हाळ्यात त्या उघड्या मातीत मी एक पाटी खोचतो, नाहीतर वॉचमन तिथे झाडू-बादली ठेवतो: ‘इथे झाड आहे.’