बोत्स्वाना : प्रवास आणि लोकाचार

बोत्स्वाना हा आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील भूवेष्टित देश. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट, सुमारे ५,८१,७०० चौ. किमी.; लोकसंख्या मात्र २५ लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहराहूनही कमी. राजधानी खाबोरोने (नकाशांवर गॅबरोन). ब्रिटिशांच्या बेचुआनालँड या संरक्षित प्रदेशाला ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा त्याची गणना जगातील अतिशय गरीब देशांत होत असे. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. हिरे आफ्रिकेत इतरत्रही निघतात. पण त्यांचा पैसा रस्ते, शाळा आणि दवाखान्यांपर्यंत पोहोचला, हे या देशाचे वेगळेपण. २०२४ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला पक्ष हरला आणि सत्तांतर शांतपणे पार पडले.

देशाचा सुमारे ७० टक्के भाग कालाहारी वाळवंटाने व्यापला आहे, त्यामुळे इथले सगळे गणित पाण्याभोवती फिरते. चलनाचे नावच पुला, म्हणजे पाऊस. सभेच्या शेवटी लोक ‘पुला!’ अशीच आरोळी देतात. वायव्येकडील ओकावांगो नदी समुद्राला मिळत नाही. अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस वाळवंटात येऊन पसरतो आणि तिथेच जिरतो, वाफ होऊन उडतो. हे पाणी सपाट प्रदेशातून इतके सावकाश सरकते की स्थानिक पावसाळा संपून सगळे सुकल्यावर, जून ते ऑगस्टमध्ये, त्रिभुज प्रदेशात पूर सर्वाधिक असतो. प्राण्यांची गर्दीही तेव्हाच पाण्याकडे होते. २०१४ मध्ये हा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीतील हजारावे स्थळ ठरला. मौन या गावाहून तिथे जातात. मोकोरो ही उथळ, अरुंद होडी मागे उभा असलेला नावाडी लांब काठीने ढकलत नेतो. पूर्वी ती अखंड झाडाच्या खोडातून कोरत. आता झाडे वाचावीत म्हणून बहुतेक ठिकाणी फायबरची असते.

मराठी कुटुंबांच्या सुट्ट्यांचा विचार केला तर मे महिना उत्तम : पाऊस संपलेला, पूर येऊ लागलेला, थंडी बेताची. जून-जुलैत दुपार सुखाची, पण कालाहारीत रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो आणि पहाटेच्या उघड्या जीपमध्ये कानटोपी, हातमोजे लागतातच. ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ असे धरून सुती कपडेच भरणारे तिथे कुडकुडतात. दिवाळीच्या सुट्टीत, ऑक्टोबरमध्ये, तापमान चाळिशीला टेकते. प्राणी पाणवठ्यांवर भरपूर दिसतात, पण माणसांचे हाल होतात.

शिष्टाचारात अभिवादनाला पहिला मान. दुकानात शिरून थेट भाव विचारणे, पोलिसाला थेट रस्ता विचारणे हे इथे उद्धटपणाचे मानतात. आधी पुरुषाला ‘दुमेला रा’, स्त्रीला ‘दुमेला म्मा’ म्हणायचे, समोरच्याने तेच परत म्हणेपर्यंत थांबायचे, ‘ओ त्सोखिले जांग?’ (कसे उठलात?) अशी विचारपूस करायची, आणि मग कामाचे बोलायचे. यात अर्धे मिनिट जाते. ते वाचवू पाहणाऱ्याचे काम हटकून रखडते. हस्तांदोलन करताना डावा हात उजव्या हाताच्या कोपराजवळ टेकवतात. पैसे किंवा वस्तू देताना-घेतानाही तसेच, किंवा दोन्ही हात पुढे करतात.

गावाचे सार्वजनिक जीवन खोत्लात चालते. लाकडी खांबांच्या अर्धवर्तुळाकार कुंपणाची ही सभेची जागा. प्रमुख, म्हणजे खोसी, सर्वांचे ऐकून घेतो आणि शेवटी बोलतो. पाहुण्याने आत जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी. पुरुषांनी टोपी काढावी, स्त्रियांनी डोके झाकावे, झगा किंवा घागरा घालावा. अर्ध्या चड्डीत तर जाऊच नये. एकेकाळी स्त्रियांना इथे स्थान नव्हते. २००३ मध्ये मात्र मोसादी सेबोको या बालेते जमातीच्या प्रमुखपदी विधिवत बसल्या.

खाण्यात गोमांस आघाडीवर. उकडून कुटलेले सेस्वा हा लग्नकार्यातला मानाचा पदार्थ, तर मोपानेच्या झाडावरील वाळवलेल्या अळ्या बाजारात पिशव्यांतून मिळतात. शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही : ज्वारीच्या किंवा मक्याच्या पिठाचे बोखोबे, मोरोखो ही पालेभाजी, चवळी, आणि दह्याच्या जातकुळीचे मादिला एवढ्यावर पोट भरते. फक्त भाजीत मांसाचा रस्सा घातला नाही ना, हे विचारून घ्यावे. शहरांतील नळाचे पाणी सहसा पिण्याजोगे असते.

वाहने डाव्या बाजूने चालतात, रस्ते चांगले आहेत, तरीही रात्री गाडी चालवू नये. गाई आणि गाढवे डांबरावर बसलेली असतात. नाटा ते कसाने या ३०० किमी. रस्त्यावर तर हत्ती आडवे येतात. देशात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत, इतर कुठल्याही देशाहून जास्त. प्रवाशाला गोंधळात टाकणारी दुसरी गोष्ट म्हणजे पशुवैद्यकीय नाके. युरोपला जाणाऱ्या गोमांसाला लाळ्या-खुरकूत रोगाचा धोका नको म्हणून हा रोग वाहणाऱ्या रानम्हशींचा प्रदेश लांबलचक कुंपणांनी तोडला आहे. नाक्यावर शिपाई बर्फाची पेटी उघडून कच्चे मांस काढून घेतो, चाके जंतुनाशकाच्या चरातून न्यावी लागतात, आणि प्रवाशांना उतरून ओल्या पोत्यावर बूट टेकवावे लागतात. वाद घालून काही उपयोग होत नाही.

लष्करी नक्षीचे कपडे घालणे नागरिकांना मना आहे. असा टी-शर्ट घरीच ठेवावा. सरकारी व लष्करी इमारतींचे फोटो काढू नयेत. उत्तर भागात, विशेषतः नोव्हेंबर ते जून, हिवतापाची औषधे डॉक्टरांना विचारून घ्यावीत. लहान विमानांत सामान साधारण १५-२० किलोपर्यंत, तेही मऊ पिशवीत चालते. त्यामुळे खाऊने भरलेली टणक सूटकेस मौनमध्येच अडकते. मोजके पर्यटक, जास्त दर असे सरकारचे धोरण असल्याने त्रिभुज प्रदेशातील मुक्काम महाग पडतो. स्वतःच्या तंबूत राहून मोरेमी अभयारण्य किंवा चोबे राष्ट्रीय उद्यान पाहणे त्या मानाने परवडते.

वन्यप्राण्यांपलीकडचा देश बहुतेक सहलींतून निसटतो, हे खेदाचे. वायव्येस त्सोदिलो टेकड्यांवर ४,५०० हून अधिक शैलचित्रे आहेत. २००१ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे आणि सान या इथल्या आदिवासी लोकांना आजही पवित्र वाटते. कालाहारीतील अभयारण्यातून उठवलेल्या सानांनी सरकारविरुद्ध खटला लढवून २००६ मध्ये परतण्याचा हक्क मिळवला. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय घेऊ नयेत. राजधानीत तीन जमातप्रमुखांचे भव्य पुतळे आहेत : खामा तिसरे, सेबेले पहिले आणि बाथोएन पहिले. आपला मुलूख सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश साम्राज्यवादी उद्योगपतीच्या कंपनीकडे सोपवू नये, हे सांगायला हे तिघे १८९५ मध्ये थेट लंडनला गेले होते. गंमत अशी की हे स्मारक उत्तर कोरियाच्या कंपनीने घडवले. खरेदी करायची तर ओकावांगोकाठच्या एत्शा गावच्या टोपल्या घ्याव्यात. ताडवर्गीय झाडाच्या पातीच्या या टोपल्या विणायला आठवडे लागतात, आणि त्यांवरील नक्षीला ‘जिराफाचे अश्रू’, ‘झेब्र्याचे कपाळ’ अशी नावे आहेत. विणणारीकडूनच घेतल्या तर घासाघीस फार करू नये.